ठिपका उजवीकडे

सोनोग्राफीच्या प्रोबला एका कडेला बारीकसा ठिपका असतो. जरा वर आलेला, न बघताही बोटाला लागेल असा. डॉक्टर विनया शिकवायला आल्या तेव्हा त्यांनी दुसरं काही सांगण्याआधी तो ठिपका प्रत्येकाच्या बोटाखालून फिरवला.

"हा पेशंटच्या उजव्या हाताकडे," त्या म्हणाल्या. "झोपेतून उठवून विचारलं तरी हेच उत्तर आलं पाहिजे. ठिपका फिरला की चित्र फिरतं. उजवं डावीकडे जातं, डावं उजवीकडे."

वसईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, अँब्युलन्सच्या शेडवरच्या खोलीत हा वर्ग भरत होता. मोबाइलएवढा पडदा आणि दाढीच्या मशीनएवढा प्रोब, एवढंच यंत्र. त्याची परवानगी मिळवायला हॉस्पिटलला वर्षभर खेटे घालावे लागले होते. अँब्युलन्सच्या दाराच्या आत 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटीसुद्धा लागली होती. अपघातातल्या माणसाच्या पोटात रक्त साठतंय का, छातीत काही बिघडलंय का, हे वाटेतच कळलं तर हॉस्पिटलात सर्जन आणि रक्त तयार ठेवता येईल, असा सगळा बेत होता. गाडीतून चित्र डॉक्टरांच्या फोनवर जाणार होतं. पण चित्र नीट काढायचं काम गाडीतल्या माणसाचं.

त्या माणसांत कॉन्रॅड सर्वांत जुना. सांडोरचा. केस पांढरे झालेले, बोलणं आधीच कमी, बायको गेल्यापासून आणखी कमी. इनेझला जाऊन दुसरा पावसाळा झाला होता.

सरावाला पोट लागायचं, ते सुधाकर ड्रायव्हरचं. सगळ्यांत काटकुळा तोच.

"मॅडम, ही जेली तुम्ही फ्रिजमध्ये ठेवता का हो?" तो टेबलावर आडवा पडून म्हणाला.

"सुधाकरकाका, पोट आत घ्या जरा," निधी म्हणाली. ती मनवेलपाड्याची, कॉन्रॅडच्याच गाडीवर असायची.

"आत घ्यायला ते बाहेर आहे कुठे?"

सगळे हसले. कॉन्रॅडची पाळी आली. त्याने छातीच्या हाडाखाली, पोट जिथे सुरू होतं तिथे प्रोब आडवा टेकवला आणि दाखवलं होतं तसा वर छातीकडे झुकवला. पडद्यावर आधी करडा धूर दिसला. मग त्या धुरातून एक हृदय वर आलं. मुठीएवढं, टोक पडद्याच्या डाव्या अंगाला वळलेलं, उघडत होतं आणि मिटत होतं.

कॉन्रॅडचा हात तिथेच थांबला.

ते इनेझचं हृदय होतं.

"कॉन्रॅड, ठिपका," डॉक्टर विनया मागून म्हणाल्या. "तुमचा ठिपका डावीकडे गेलाय."

त्याने प्रोब फिरवला. चित्र भोवंडलं, पुन्हा धूर झाला, आणि टोक उजव्या अंगाला असलेलं एक हृदय आलं. सुधाकरचं. कुणाचंही असतं तसं.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या. "पुढे."

इनेझचं काळीज उजव्या बाजूला होतं. दहा हजारांत एखाद्याचं असतं. लग्नाच्या आधी, शाळेतल्या नोकरीसाठी तिचा छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा एक्स-रेवाल्याला वाटलं आपणच फिल्म उलटी लावली. त्याने पुन्हा काढला, तरी तेच. मग डॉक्टरांनी सांगितलं, बाई, तुमचं सगळंच आरशातल्यासारखं आहे, काळीज उजवीकडे, यकृत डावीकडे, पण त्याने काही बिघडत नाही. आणि काही बिघडलं नाही. कॅरल झाली, तिचं काळीज नेहमीच्या जागी होतं. इनेझ त्यावरून स्वतःच विनोद करायची. "देवाला त्या दिवशी घाई होती," म्हणायची. "कापड उलटं धरून शिवलं." लग्न नवं असताना कॉन्रॅडने तिच्या छातीवर डावीकडे कान ठेवला की ती त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून दुसरीकडे सरकवायची. "इथे काय ऐकतोस? इथे कोणी राहत नाही."

मग एका सकाळी वाडीत भाजी खुडताना तिने डोकं धरलं आणि केळीच्या बुंध्याला टेकून खाली बसली. मेंदूत रक्तस्राव. आयसीयूमध्ये ती श्वासाच्या मशीनवर होती. तिथला डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने तिचं हृदय बघायला यंत्र आणलं, छातीवर डावीकडे प्रोब ठेवला, दाबला, सरकवला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"उजवीकडे बघा, डॉक्टर," कॉन्रॅड म्हणाला होता. "तिचं उजवीकडे आहे."

तिथे ते सापडलं. डॉक्टरने पडदा त्याच्याकडे वळवला. "मेंदू काही दाद देत नाही," तो म्हणाला, "पण हृदय चालू आहे." टोक डावीकडे वळलेलं ते हृदय कॉन्रॅडने तेव्हा पाहिलं. तिचं बाकीचं सगळं गेलं होतं आणि हे मात्र, कुणी न सांगता, आपलं काम करत होतं. त्यानंतर येईल त्या डॉक्टरला तो म्हणायचा, एकदा दाखवा ना. कुणी दाखवायचं, कुणी नाही. शेवटी एका दुपारी नर्सने त्याला औषध आणायला खाली मेडिकलमध्ये पाठवलं. तो पिशवी घेऊन वर आला तेव्हा खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. कॅरल बाहेर उभी होती. ती फक्त "डॅडी" म्हणाली.

शेवटचा ठोका त्याने पाहिला नव्हता.

आणि आता ठिपका फिरवला की ते हृदय परत येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम केलं. डॉक्टर विनया पलीकडच्या टेबलावर होत्या तेव्हा त्याने प्रोब हातातल्या हातात वळवला, आणि ती आली. त्याने श्वास रोखून धरला. सुधाकर छताकडे बघत कसलंसं गाणं गुणगुणत होता. त्याच्या बरगड्यांमागे इनेझ उघडत मिटत होती. मग निधीने टेबल मोकळं करायला सांगितलं.

पुढे तो रोजच करू लागला. चटक लागली म्हणा ना. कुणाच्याही छातीखाली ती होती. सुधाकरच्या, लिफ्टवाल्याच्या, सरावासाठी हो म्हणून आलेल्या जाड्या वॉचमनच्याही. वॉचमनच्या पोटात ती अंधुक दिसायची, लांबून कुणी हाक मारावी तशी. घरी गेल्यावर कॅरलचा फोन यायचा, "डॅडी, जेवलात का," आणि तो हो म्हणायचा. खरं तर त्याला दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची घाई झालेली असायची. सांडोरच्या कबरस्थानात तो दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फुलं ठेवायला जायचा, ते त्याने सोडलं. तिथे जाऊन काय करायचं? ती तिथे नव्हतीच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. त्याने शर्टाची बटणं सोडली, जेली लावली, खुर्चीत मागे रेलला आणि ठिपका डावीकडे करून प्रोब स्वतःच्याच छातीखाली टेकवला.

ती तिथेही होती. इतर कुणाच्याही आत दिसली नव्हती इतकी स्पष्ट. त्याने श्वास घेतला की ती जरा खाली सरकायची, सोडला की वर यायची. त्याला बायकोला घेऊन बसल्यासारखं वाटलं. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

डॉक्टर विनया दारात उभ्या होत्या. हातात डबा होता. त्याने शर्ट ओढून घेतला. त्या आत आल्या, पडद्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या ठिपक्याकडे.

"मला वाटत होतं तुमच्या लक्षात राहत नाही," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हणून मी गप्प होते. पण तुम्ही मुद्दाम फिरवता."

कॉन्रॅडने प्रोब पुसून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "माझ्या मिसेसचं हृदय उजवीकडे होतं, मॅडम. असं धरलं की तिचं दिसतं."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग स्टूल ओढून बसल्या. डबा उघडला नाही.

"कुठे गेल्या त्या?"

"इथेच. आपल्या आयसीयूत."

"या यंत्राचा एकेक वापर मला सरकारला दाखवावा लागतो," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी एका तक्रारीवर ते सील होईल. ते मी निस्तरीन. दुसरी गोष्ट मला निस्तरता येणार नाही. हात ज्याची सवय लावाल तेच करतो. उद्या गाडीत खरा पेशंट असेल, त्याच्या पोटात रक्त भरत असेल, आणि तुम्ही मिसेसला बघत बसाल."

"नाही बसणार."

"हृदयाला किती वेळ द्यायचा?"

"हलतंय का बघायचं. भोवती काळं, म्हणजे रक्त, आहे का बघायचं. पुढे जायचं."

"पुढे कुठे?"

"उजवी कूस, डावी कूस, ओटीपोट."

"गाडीवर एकदा जरी ठिपका फिरला, कॉन्रॅड, तरी मी यंत्र काढून घेईन. तुम्ही डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण करा मग. मला वाईट वाटेल, पण मी करीन."

तो हो म्हणाला. परीक्षा झाली, त्यात त्याचा ठिपका एकदाही हलला नाही. निधीला त्याच्यापेक्षा कमी मार्क पडले आणि तिने त्याच्याकडून पार्टी वसूल केली. यंत्र त्यांच्या गाडीवर आलं. पहिले काही पेशंट साधे होते, हातपाय मोडलेले. यंत्र पेटीतच राहिलं. कॉन्रॅडला वाटलं, सुटलं.

मग चांदीप गावाहून फोन आला. म्हशीने म्हातारीला ढुशी मारली होती.

म्हातारीचं नाव धोंडूबाई. गोठ्यात पाणी ठेवायला वाकली आणि म्हशीने शिंगाने भिंतीशी दाबली. लागलं तेव्हा उठून बसली, चहासुद्धा प्याली, म्हणून घरच्यांनी दुपारपर्यंत वाट बघितली. आता ती ओटीवर घोंगडीवर पडली होती. ओठ पांढरे, हातपाय गार. अंगावर जखम म्हणावी तर नाही. तिचा मुलगा सुरज उशाशी बसून टॉवेलने वारा घालत होता.

"पानी दे रे," म्हातारी म्हणत होती. "पानी दे."

"आय, डॉक्टर आलेत, थांब," सुरज म्हणाला. मग कॉन्रॅडला, "सकाळपासून पानी पानी करते. देऊ का घोटभर?"

"नको. काही देऊ नका," कॉन्रॅड म्हणाला. नाडी बोटाखाली धाग्यासारखी लागत होती. "उचला."

सुधाकरने गाडी गावाबाहेर काढली. रस्ता खराब होता. निधीने सलाईन लावलं, मास्क चढवला आणि पेटी उघडली. "सर, रेंज नाहीये," ती पडदा बघून म्हणाली. "मॅडमना चित्र जाणार नाही. आपल्यालाच बघावं लागेल."

"दे."

सुरज पायाशी कोपऱ्यात बसला होता. पडदा बघून बिचकला. "तिला हे कशाला? ती म्हातारी हाय."

"पोटात रक्त आहे का बघतोय, दादा," निधी म्हणाली.

कॉन्रॅडने जेली घातली आणि प्रोब छातीच्या हाडाखाली टेकवला. त्याने काही ठरवलं नव्हतं. गाडी खड्ड्यात आदळली, त्याने पकड बदलली, आणि बोटांनी जे इतके दिवस गिरवलं होतं तेच केलं. पडद्यावर टोक डावीकडे वळलेलं हृदय आलं.

ती होती. पण आजवर कधी दिसली नव्हती तशी. लहान झालेली, धावत असलेली. आत भरायला काही नसल्यासारखी ती नुसती मिटत होती, उघडायला पुरतं न मिळता पुन्हा मिटत होती. कॉन्रॅडला कळलं की शेवटी ती अशी दिसली असणार. तो खाली मेडिकलच्या खिडकीशी रांगेत उभा होता, तेव्हा वर हे असं चाललं असणार. ते त्याला बघायला मिळालं नव्हतं. आता मिळत होतं.

"हलतंय ना, सर?" निधीने विचारलं.

"हलतंय."

"भोवती?"

"काही नाही."

"मग चला पुढे."

त्याचा हात उठला नाही. प्रोब उचलला की पडद्यावर धूर येणार होता. चालू असलेल्या हृदयावरून हात काढायचा, म्हणजे पुन्हा पिशवी घेऊन खाली जायचं. एवढं एकदा नाही, तो मनात म्हणाला. एवढं एकदा मी इथेच थांबतो. ठोके इतके जवळ आले होते की त्यांच्यामध्ये जागा उरली नव्हती.

"सर."

त्याने ऐकलं. पण ते कुठूनतरी लांबून आलं.

"कॉन्रॅड सर, बीपी खाली चाललंय. सर, द्या माझ्याकडे."

म्हातारीने हात हलवला. हवेत चाचपत तो कॉन्रॅडच्या मनगटावर आला आणि तिथे पडला. हात खरबरीत होता, नखांत शेण होतं. इनेझचा हात तसा नव्हता. "पानी," मास्कच्या आत ती पुटपुटली. "बाबा, पानी."

कॉन्रॅडने तिच्या तोंडाकडे पाहिलं. गाडीत घेतल्यापासून त्याने ते एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याने अंगठ्याने ठिपका चाचपला आणि प्रोब फिरवला. चित्र भोवंडलं. टोक उजवीकडे गेलेलं एक हृदय तिथे धडपडत होतं, धोंडूबाईचं. ते चालू असतानाच त्याने हात उचलला.

उजवी कूस. बरगड्यांच्या खाली, यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना चिकटलेले दिसायला हवेत तिथे, दोघांच्या मध्ये काळी पट्टी होती. बोटभर जाड.

"रक्त आहे," तो म्हणाला. "पोटात. भरपूर."

"डावीकडे बघू?"

"बघायचं काही राहिलं नाही. सुधाकर, थांबू नको कुठे. निधी, दुसरं सलाईन. हायवेला रेंज आली की मॅडमना सांग, पोटात रक्त, ऑपरेशन थिएटर उघडा, रक्ताच्या पिशव्या काढा."

"गट माहीत नाही, सर."

"गट न बघता देतात ते. मॅडमना कळेल."

हायवेला रेंज आली. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर उभं होतं आणि डॉक्टर विनया हातमोजे चढवून. म्हातारी कॅज्युअल्टीत न थांबता सरळ लिफ्टने वर गेली. सगळं हॉस्पिटल कुणीतरी एका दमात पुढे ढकलल्यासारखं झालं, आणि मग शांत झालं.

कॉन्रॅड ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर येऊन थांबला. प्रोब अजून त्याच्या हातात होता, पुसलेला. डॉक्टर विनया सर्जनशी बोलून बाहेर आल्या. मास्क खाली होता आणि त्या जवळजवळ हसत होत्या.

"चांगलं काम केलंत. प्लीहा फुटलीय. आणखी उशीर झाला असता तर—"

"उशीर मी केला, मॅडम. ठिपका फिरवला. हृदयावर थांबलो."

त्यांचं हसू गेलं. "किती वेळ?"

"मला कळलं नाही. निधीला विचारा."

निधी भिंतीला टेकून उभी होती. तिने चपलांकडे बघितलं. "फार नाही, मॅडम," ती म्हणाली. मग, "पण थांबले होते."

डॉक्टर विनयांनी हात पुढे केला. कॉन्रॅडने प्रोब त्यांच्या हातात ठेवला. "सोमवारपासून डायलिसिसची गाडी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या आत गेल्या.

बाकावर सुरज बसला होता. त्याने यातलं काही ऐकलं होतं की नाही कोण जाणे. तो सरकला आणि बाजूची जागा हाताने पुसली.

"बसा ना, साहेब."

कॉन्रॅड बसला.

"तुम्ही आयचं काळीज बघितलं ना मघा?"

"हो."

"कसं होतं?"

कॉन्रॅडला वाटलं, आता आपण काय सांगणार? पण ते त्याला आठवलं. फिरवल्यावर जे दिसलं होतं ते. "लहान झालं होतं," तो म्हणाला. "जोरात पळत होतं. रक्त कमी पडत होतं त्याला, तरी थांबत नव्हतं. एक झडप जरा जाड झालीय, म्हातारपणाने होते तशी. बाकी चांगलं होतं."

सुरजने मान हलवली. "ती पन तशीच हाय," तो म्हणाला. "थांबत नाही कुठं. सांगितलं होतं, म्हशीजवळ जाऊ नको."

दोघे बसून राहिले. मधेच सुरज म्हणाला, "बाबांना असंच आनलं होतं. तेव्हा कोनी काय दाखवलं नाही." कॉन्रॅडने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. चहावाला आला, दोन चहा ठेवून गेला. चहा गार झाला. मग दार उघडलं आणि एक नर्स म्हणाली, रक्त थांबलंय, रात्र कशी जाते ते बघायचं, पण बाई टणक आहे. सुरजने कॉन्रॅडचा हात धरला आणि तोंड टॉवेलात घातलं.

कॉन्रॅडने डोळे मिटले. प्रोब नसला, तरी मिटलेल्या डोळ्यांमागे इनेझ यायची. कित्येक दिवस तसं होत होतं. त्याने वाट बघितली. धूर आला, आणि धुरातून एक म्हातारं, घाबरलेलं, चिवट हृदय वर आलं, टोक उजवीकडे. त्याने ते जाऊ दिलं आणि पुन्हा वाट बघितली. दुसरं काही आलं नाही.

ती गेली होती. कधी, ते त्याला सांगता आलं नसतं. खड्ड्यांच्या त्या रस्त्यावर कुठेतरी, त्याने हात उचलला तेव्हा, की म्हातारीच्या कुशीत काळी पट्टी दिसली तेव्हा. या वेळीही तो दुसरीकडे होता. शेजारी सुरज रडत होता आणि त्याच्या मुठीत कॉन्रॅडचा हात होता, आणि कॉन्रॅडने तो काढून घेतला नाही.